शेवटचे तीस-चाळीस क्रेडिट: अमेरिकेत डिग्री संपवताना ट्यूशन आणि रेसिडेन्सीचा हिशेब

मूल स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला असतं आणि नेमकी तेव्हाच आईची किंवा बाबांची नोकरी दुसऱ्या राज्यात जाते. किंवा एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेलं मूल २१ वर्षांचं होतं. किंवा एक विषय राहतो आणि डिग्री एका टर्मनं (सत्रानं) लांबते. अशा वेळी घरोघरी वेबसाइटवरचा वर्षाचा ट्यूशनचा (शिक्षणशुल्काचा) आकडा काढून दोन युनिव्हर्सिट्यांची तुलना होते. चूक तिथूनच सुरू होते. शेवटच्या टप्प्यात वर्षाचा आकडा फारसं काही सांगत नाही. अजून किती टर्म लागणार, त्यातल्या प्रत्येक टर्मला तुम्हाला कोणता दर लागणार आणि तो दर कोणत्या तारखेला बदलणार, यावर खर्च ठरतो. ही माहिती याच क्रमानं काढायची. क्रम उलटला की स्वस्त दिसणारा पर्याय महाग पडतो.

खालची माहिती स्टेट युनिव्हर्सिटीतल्या बॅचलर डिग्रीसाठी आहे. खासगी कॉलेजात राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला सहसा एकच दर असतो, त्यामुळे त्यांनी दुसरा टप्पा सोडून दिला तरी चालेल.

टप्पा १: किती उरलंय ते डिग्री ऑडिटवरून मोजा

डिग्री ऑडिट म्हणजे डिग्रीच्या कोणत्या अटी पुऱ्या झाल्या आणि कोणत्या उरल्या याचा अहवाल. ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) बघू नका. ट्रान्सक्रिप्टवर दिसतात मिळवलेले क्रेडिट (विषयांचे श्रेयांक), डिग्रीला लागू झालेले नाहीत. मेजर (मुख्य विषय) बदललेल्या विद्यार्थ्याच्या ट्रान्सक्रिप्टवर ९६ क्रेडिट असतात आणि ऑडिटमध्ये त्यातले ७८च कामाचे निघतात. पोर्टलवर डिग्री ऑडिट चालवा आणि उरलेली प्रत्येक अट कागदावर उतरवा. कोर्स कोणता, क्रेडिट किती, त्याआधी कोणता कोर्स लागतो आणि तो कोणत्या टर्मला शिकवतात, एवढं प्रत्येकासमोर लिहा.

आता त्या कागदावरची सगळ्यात लांब साखळी शोधा. एकामागून एकच घेता येतील असे तीन कोर्स उरले असतील तर उरलेले क्रेडिट १८ असोत की ३३, टर्म तीनच लागणार. इंजिनिअरिंगचा शेवटचा प्रोजेक्ट बऱ्याच ठिकाणी दोन टर्मचा असतो आणि फक्त फॉलमध्ये (वर्षाच्या उत्तरार्धातल्या टर्ममध्ये) सुरू होतो. तो स्प्रिंगमध्ये (जानेवारीच्या टर्ममध्ये) सुरू होईल असं धरून केलेले हिशेब हमखास कोसळतात.

इथेच ‘रेसिडेन्सी’ या शब्दाचा दुसरा अर्थ समजून घ्या, कारण दोन्ही अर्थांची सरमिसळ फार होते. फीसाठीची रेसिडेन्सी म्हणजे तुम्ही त्या राज्याचे रहिवासी आहात का. डिग्रीसाठीची रेसिडेन्सी म्हणजे किती क्रेडिट त्याच युनिव्हर्सिटीत घ्यायला हवेत. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या युनिव्हर्सिट्यांना मान्यता देणाऱ्या संस्थेची अट किमान २५ टक्के क्रेडिटची आहे, म्हणजे १२० पैकी ३०. यूसीएलएमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, लॉस एंजेलिस) शेवटच्या ४५ युनिटपैकी ३५ तिथेच पूर्ण करावे लागतात. शेवटच्या वर्षी दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जाण्याचा बेत बहुधा याच अटीवर अडतो.

*तपासा:* ॲडव्हायझरकडून टर्मवार कोर्सची यादी ईमेलवर मागून घ्या. ‘हो, होऊन जाईल’ या तोंडी वाक्यावर पैसे लावू नका.

टप्पा २: इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशाचा) दर मिळतो का, आणि टिकतो का

बहुतेक राज्यांत टर्म सुरू होण्याआधी सलग १२ महिने त्या राज्यात कायमच्या वास्तव्याच्या इराद्यानं राहिलेलं असावं लागतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात हा काळ ३६६ दिवसांचा आहे. मोजणी युनिव्हर्सिटीनं ठरवलेल्या तारखेपर्यंत होते आणि ही तारीख सहसा टर्मच्या पहिल्या दिवसाच्या आसपास असते. तुमच्या टर्मची नेमकी तारीख आधी लिहून घ्या. दहा दिवस कमी पडले म्हणून अख्खी टर्म बाहेरच्या दरानं भरावी लागते.

‘मुलानं कॅम्पसजवळ वर्षभर भाड्यानं घर घेतलं, ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, म्हणजे तो इन-स्टेट झाला’ हा समज सगळ्यात महाग पडतो. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचं राज्य म्हणजे साधारणपणे आईवडिलांचं राज्य. शिक्षणासाठी येऊन राहिलेला काळ बहुतेक युनिव्हर्सिट्या वास्तव्य म्हणून धरतच नाहीत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात २४ वर्षांखालच्या पदवी-विद्यार्थ्याचे पालक कॅलिफोर्नियाबाहेर राहत असतील, तर सर्वसाधारणपणे आपण आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहोत हे त्याला कागदोपत्री दाखवावं लागतं. पालक त्याची ट्यूशन भरत असतील आणि करविवरणात त्याला अवलंबित दाखवत असतील, तर हा दावा टिकत नाही.

आता उलट बाजू. पालक राज्य सोडून गेले, मूल मागे राहिलं. अनेक युनिव्हर्सिट्या आधीच इन-स्टेट ठरलेल्या विद्यार्थ्याचा दर, नोंदणी अखंड चालू असेल तोवर, तसाच ठेवतात. पण ‘अनेक’ म्हणजे ‘सगळ्या’ नव्हेत. घर विकण्याआधी आणि मूव्हर्सना बोलावण्याआधी रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा: ‘पालक अमुक तारखेला राज्य सोडणार आहेत, विद्यार्थी नोंदणी न तोडता इथेच शिकणार आहे, तर उरलेल्या टर्मना वर्गीकरण बदलेल का?’ उत्तर जपून ठेवा.

सावधान: नव्या राज्यात गेल्यावर घरातले सगळे एकाच दिवशी लायसन्स बदलून टाकतात, मुलाचंही. त्याला जुन्या राज्याचा दर टिकवायचा असेल तर लायसन्स, गाडीची नोंदणी आणि स्वतःच्या कमाईचं राज्याचं करविवरण जुन्याच राज्यात राहू द्या, अर्थात तो खरोखर तिथे राहत असेल तर. एक कागद एका राज्याचा आणि दुसरा दुसऱ्या राज्याचा असला की अर्ज तपासणारा माणूस तिथेच थांबतो.

एक सेमिस्टर सुट्टी घेण्याआधीही थांबा. कळवून, मंजूर करून घेतलेली रजा आणि नुसतीच न केलेली नोंदणी यांत मोठा फरक आहे. नोंदणी तुटली की इन-स्टेट दर, प्रवेशाच्या वर्षाचा गोठवलेला दर आणि कधी कधी जुन्या अभ्यासक्रमाच्या अटी, असं तिन्ही एकदम जाऊ शकतं.

युनिव्हर्सिटीनं बाहेरचं ठरवलं तर फेरवर्गीकरणाचा अर्ज करता येतो. त्यासोबत घराचा करार किंवा घराची कागदपत्रं, पालकांचं राज्याचं करविवरण, डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक करदाखला), लायसन्स, गाडीची नोंदणी आणि व्हिसाचे कागद जोडा. पुराव्यांच्या यादीत अनेकदा मतदार नोंदणीही असते. तुम्ही नागरिक नसाल तर तिला हातही लावू नका. लायसन्सच्या अर्जात मतदार म्हणून नोंदवायचं का असा चौकोन असतो. त्यात चुकून केलेली खूण म्हणजे नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकते आणि ग्रीन कार्डच्या वेळी ती फार जड जाते.

टप्पा ३: एच-४ आणि एकविसावा वाढदिवस

मराठी घरांत सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो, म्हणून जरा थांबून वाचा.

एच-१बी आणि एच-४ वर राहणाऱ्यांना राज्यात कायमचं वास्तव्य सिद्ध करता येतं, असं टेक्सास आणि कॅलिफोर्निया यांसारखी राज्यं मानतात. त्यामुळे मूल एच-४ वर असताना इन-स्टेट दर मिळतो. २१ व्या वाढदिवसाला एच-४ संपतो आणि सहसा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. मायदेशातलं घर सोडलेलं नाही, शिक्षण संपल्यावर परत जाणार, हे एफ-१ च्या अटींतच आहे. मग त्याच माणसाला ‘या राज्यात कायमचा राहणार’ असं म्हणता येत नाही, हा बहुतेक राज्यांचा तर्क. परिणाम असा की आठव्या इयत्तेपासून तिथेच शिकलेल्या मुलाला शेवटच्या वर्षी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याचा दर लागू शकतो.

आकड्यात बोलायचं तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात २०२५ च्या फॉलमध्ये प्रवेश घेणाऱ्या राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला ३७,६०२ डॉलरचा अधिभार आहे, तोही मूळ ट्यूशनच्या वर.

म्हणून ही कामं या क्रमानं करा:

पहिलं, वाढदिवसाच्या किमान वर्षभर आधी इमिग्रेशन वकिलाकडून चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टखालचं (ग्रीन कार्डसाठी मुलाचं वय कसं मोजायचं ते ठरवणारा कायदा) वय काढून घ्या. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी नोकरी देणाऱ्याचा अर्ज) प्रलंबित राहिला तेवढे दिवस वयातून वजा होतात. वय गोठलं आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) दाखल झालेला असला तर चित्र पूर्ण बदलतं. आय-४८५ प्रलंबित असताना मुकाट्यानं एफ-१ चा अर्ज टाकू नका. एक अर्ज इथेच राहण्याचा आणि दुसरा परत जाण्याचा, दोन्ही एकमेकांच्या अंगावर येतात.

दुसरं, रेसिडेन्सी ऑफिसला विचारा की आधीच इन-स्टेट ठरलेल्या विद्यार्थ्याचा व्हिसा बदलला तर दर बदलतो का, आणि बदलला तर चालू टर्मपासून की पुढच्या. ही विचारणा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात करू नका. व्हिसा ते सांभाळतात, फीचं वर्गीकरण नाही.

तिसरं, टर्मच्या तारखा वाढदिवसाशेजारी मांडा. वाढदिवस मार्चमध्ये आणि डिग्री मेमध्ये असेल तर गोष्ट वेगळी. समर (उन्हाळी) टर्म घेऊन डिग्री वाढदिवसाआधी संपत असेल, तर समरला राज्यातल्याच दरानं भरलेले काही हजार डॉलर बाहेरच्या दराची एक अख्खी टर्म वाचवतात.

चौथं, एफ-१ घ्यायचाच असेल तर आय-२० (युनिव्हर्सिटीचा एफ-१ साठीचा दाखला) मिळवून आय-५३९ (व्हिसाचा दर्जा बदलण्याचा अर्ज) वाढदिवसाआधीच दाखल करा. आय-९०१ ची (विद्यार्थी नोंदणीची सरकारी) फी ३५० डॉलर आहे आणि ती वेगळी भरायची असते. एफ-१ वर पदवीला टर्ममागे किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात, आणि ऑनलाइन कोर्स त्या मोजणीत एकच, म्हणजे तीन क्रेडिटपर्यंत, धरला जातो. शेवटच्या टर्मला १२ पेक्षा कमीच उरले असतील तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घेऊन तेवढेच घेता येतात. परवानगी आधी, विषय सोडणं नंतर.

नुसता तोटाच आहे असंही नाही. एच-४ वरच्या मुलाला नोकरी करता येत नाही. एफ-१ वर डिग्रीनंतर १२ महिन्यांची ओपीटी (शिकलेल्या क्षेत्रात काम करण्याची परवानगी) मिळते, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या डिग्रीला आणखी २४ महिने. एका महागड्या टर्मसमोर हा लाभ ठेवून बघा.

टप्पा ४: दर कसा सरकतो

इन-स्टेट की आउट-ऑफ-स्टेट हे ठरलं तरी दर एका जागी राहत नाही. काही युनिव्हर्सिट्या तो प्रवेशाच्या वर्षाला बांधतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात २०२२ च्या फॉलपासून प्रवेश घेतलेल्यांची मूळ ट्यूशन सहा वर्षांपर्यंत गोठलेली असते. इलिनॉयच्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत राज्यातल्या विद्यार्थ्याला चार वर्षांची हमी असते, पाचव्या वर्षी तो पुढच्या तुकडीच्या दरात जातो. इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीनं २०१२-१३ पासून ट्यूशन वाढवलेलीच नाही: राज्यातल्यांना ९,९९२ डॉलर, बाहेरच्यांना २८,७९४. अशा ठिकाणाहून हलताना गोठलेला दर हातचा जातो आणि नव्या जागी तुम्ही नव्या तुकडीचे ठरता.

काही ठिकाणी वरच्या वर्गांचा दर जास्त असतो. मिशिगन युनिव्हर्सिटीत ५५ क्रेडिट झाले की वरच्या श्रेणीचा दर लागतो. बिझनेस आणि इंजिनिअरिंगला बऱ्याच ठिकाणी वेगळी जादा फी असते, आणि ती मुख्य पानावर नाही तर बर्सरच्या (फी कार्यालयाच्या) तक्त्यात सापडते.

मग जादा क्रेडिटचा दंड. टेक्सासमध्ये डिग्रीला लागतात त्याहून ३० तास (म्हणजे क्रेडिट) जास्त घेतले की राज्यातल्या विद्यार्थ्यालाही बाहेरचा दर लावता येतो. फ्लोरिडात २०१९ च्या समरपासून आलेल्यांना डिग्रीच्या १२० टक्क्यांवरच्या प्रत्येक तासाला ट्यूशनएवढाच अधिभार पडतो. दोन्हीकडे एपी परीक्षेतून (शाळेत असताना दिलेली कॉलेजच्या पातळीची परीक्षा) मिळालेले क्रेडिट या मोजणीत धरत नाहीत, पण नापास झालेले आणि मुदतीनंतर सोडलेले विषय धरले जातात. म्हणून शेवटच्या वर्षी ‘चला, एक मायनरही (दुय्यम विषय) करून टाकू’ म्हणण्याआधी आतापर्यंत घेतलेले तास मोजा.

टप्पा ५: टर्मवार तक्ता मांडा

प्रत्येक पर्यायासाठी प्रत्येक टर्मची एक ओळ करा. तीत ट्यूशन, अनिवार्य फी, राहणं-जेवण, आरोग्यविमा, प्रवास आणि वजा स्कॉलरशिप, एवढं घाला. आकडे समजुतीपुरते घेऊन एक उदाहरण बघू.

३३ क्रेडिट उरलेत. पालक जूनमध्ये ‘अ’ राज्यातून ‘ब’ राज्यात गेले. ‘अ’मध्ये टर्मला राज्यातला दर ६,०००, बाहेरचा १५,०००, राहणं-जेवण ७,०००. ‘ब’मध्ये राज्यातला ६,५००, बाहेरचा १६,०००, घरी राहून खर्च १,५००.

‘अ’मध्येच थांबलं आणि दर टिकला तर दोन टर्मचे २६,०००. थांबलं पण दर गेला तर ४४,०००. ‘ब’मध्ये घरी आलं तर? घरभाडं वाचतं म्हणून हाच पर्याय सगळ्यांना गोड वाटतो. पण बदलीत १८ क्रेडिट डिग्रीला लागू झाले नाहीत, म्हणजे उरले ५१ आणि टर्म झाल्या तीन. पहिल्या दोन टर्म बारा महिने पुरे झालेले नाहीत, म्हणून बाहेरचा दर. ३२,००० अधिक ६,५०० अधिक घरखर्च ४,५००, एकूण ४३,०००. शिवाय मेऐवजी डिसेंबरमध्ये डिग्री, म्हणजे सात महिन्यांचा पगार गेला. आणखी एक वाट म्हणजे ‘ब’मध्ये वर्षभर घरी बसून इन-स्टेट होणं आणि मग तीन टर्म करणं. ट्यूशन आणि त्या तीन टर्मचा घरखर्च धरून २४,०००, म्हणजे कागदावर सगळ्यात कमी! पण डिग्री १९ महिने उशिरा, आणि केंद्र सरकारच्या कर्जाची सहा महिन्यांची सवलत मधेच संपून हप्ते सुरू होतात. एच-४ किंवा एफ-१ वरच्यांनी तर हा विचारही करू नये.

या उदाहरणात निर्णय ट्यूशनच्या फरकानं नाही, तर ‘अ’चा दर टिकतो का या एका ईमेलच्या उत्तरानं लागतो.

सावधान: पालकांचा विमा राज्य बदलल्यावर नव्या नेटवर्कचा होतो. जुन्या गावातले डॉक्टर त्यात नसतील तर युनिव्हर्सिटीच्या विम्यातून सूट नाकारली जाऊ शकते. ती ओळ तक्त्यात हमखास राहून जाते.

टप्पा ६: कपात कुठे खरी, कुठे दिखाऊ

टर्म वाचत नसेल तर क्रेडिट वाचवून उपयोग नाही, निदान सपाट दर असेल तिथे. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत १२ ते १८ क्रेडिटला एकच फी असते. ३३ क्रेडिट १७ आणि १६ असे दोन टर्ममध्ये बसतात. त्यातले तीन कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) केले तर उरलेले १५ आणि १५ ला फी तीच, वर कम्युनिटी कॉलेजचे पैसे वेगळे. हेच ३९ उरले असते तर समरमध्ये बाहेर केलेल्या तीन क्रेडिटनी ते दोन टर्मच्या ३६ मध्ये बसले असते आणि तिसरी टर्म टळली असती. क्रेडिटमागे फी असेल तिथे मात्र प्रत्येक क्रेडिटचा फायदा होतो. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर पडतात.

बाहेर कोर्स करण्याआधी तीन गोष्टी बघा. तो कोणत्या कोर्सच्या जागी धरला जाईल, ते कॅलिफोर्नियात असिस्ट या संकेतस्थळावर आणि टेक्सासात सामायिक कोर्स-क्रमांकांवरून कळतं. वरच्या वर्गाचा कोर्स कम्युनिटी कॉलेजात सहसा मिळत नाही. आणि पहिल्या टप्प्यातली ‘इतके क्रेडिट इथेच’ ही अट मोडत नाही ना?

राज्याबाहेर जायचंच असेल तर राज्याराज्यांतल्या सवलतीच्या करारांकडे बघा. पश्चिमेकडच्या राज्यांच्या करारात राज्यातल्या दराच्या १५० टक्क्यांपर्यंतच ट्यूशन लागते, मध्य-पश्चिमेतही तशीच योजना आहे. मात्र अनेक युनिव्हर्सिट्या ही सवलत घेतलेला काळ पुढे इन-स्टेट होण्यासाठी मोजत नाहीत, आणि शेवटच्या वर्षी बदली करून येणाऱ्याला ती नाकारतात.

टप्पा ७: मदत आणि कर

युनिव्हर्सिटीची स्कॉलरशिप बहुधा आठ सेमिस्टरची आणि पूर्णवेळ नोंदणीच्या अटीची असते. नववी टर्म म्हणजे दुहेरी मार: जादा ट्यूशन आणि स्कॉलरशिप शून्य. शेवटच्या टर्मला नऊच क्रेडिट उरले असतील तर अट शिथिल करण्याचा अर्ज बहुतेक ठिकाणी असतो, पण तो मागावा लागतो.

केंद्राची मदत नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते, एच-४ आणि एफ-१ ला नाही. ज्यांना मिळते त्यांनी घेतलेले एकूण क्रेडिट डिग्रीच्या दीडपटीपुढे जाऊ देऊ नयेत. टर्मचे ६० टक्के दिवस होण्याआधी सगळेच विषय सोडले तर मदतीचा काही भाग परत जातो आणि त्याचं बिल तुमच्या नावावर येतं.

करात, अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट कमाल २,५०० डॉलर आणि चारच करवर्षं मिळतं. चार शैक्षणिक वर्षं पाच कॅलेंडर वर्षांत पसरतात, म्हणून ज्या वर्षी खर्च कमी झाला ते सोडून बाकीच्या चार वर्षांसाठी मागा. नवरा-बायकोच्या एकत्रित विवरणात सुधारित उत्पन्न १,६०,००० डॉलरपुढे गेलं की ते घटतं आणि १,८०,००० ला संपतं. २०२६ या करवर्षापासून सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, त्यामुळे आयटीआयएनवर (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा करक्रमांक) असलेल्या एच-४ मुलांसाठी ते आता धरू नका.

टप्पा ८: तारखा लावा आणि अर्ज टाका

कॅलेंडरवर पाच तारखा हव्यात: फेरवर्गीकरणाच्या अर्जाची शेवटची तारीख, पूर्ण परतावा मिळण्याची शेवटची तारीख, विमा सूट मागण्याची मुदत, समर नोंदणी आणि पदवीसाठी अर्ज करण्याची मुदत. शेवटची तर बहुतेकांच्या लक्षातच नसते. सगळे कोर्स झाले तरी अर्ज न केल्यास पदवी त्या टर्मला मिळत नाही.

फेरवर्गीकरणाचा निकाल फी भरण्याच्या मुदतीआधी येईलच असं नाही. बाहेरच्या दरानं भरावं लागलं तर भरा, नाहीतर नोंदणीच रद्द होते. निकाल बाजूनं लागला तर फरक परत मिळतो का, आणि तो त्याच टर्मचा की पुढच्या, हे अर्ज देतानाच विचारून घ्या. नकार आला तर अपील करा, पण मुदत थोड्या दिवसांची असते. तेव्हा कागदांची दुसरी प्रत पहिल्या अर्जासोबतच तयार ठेवा.